खान्देशात बसून पहिला पंक अल्बम काढायचाय? मग पावसाळा गाठा

जळगाव-धुळ्याकडे कुणाला ‘आमचा बँड आहे’ म्हणून सांगा, पुढचा प्रश्न ठरलेला: ‘माणसं किती, आणि वरातीचे किती घेता?’ त्यात विचारणाऱ्याची चूक नाही. आपल्याकडे बँड म्हणजे लाल कोट, ट्रम्पेट आणि पुढे नाचणारी पोरं.

हा लेख दुसऱ्या बँडवाल्यांसाठी आहे. दोन गिटार, एक बेस, एक ड्रमसेट आणि घसा फाडून ओरडणारा एक जण, गच्चीवरच्या खोलीत सराव, गॅदरिंगमध्ये एखाद-दोनदा वाजवून झालंय आणि आता अल्बमचं डोक्यात आलंय, अशांसाठी. स्टुडिओ तर पुण्या-मुंबईलाच, असं म्हणून बरेच जण इथंच अडतात. पण या संगीताला लागणारं बहुतेक सामान खान्देशात आहे. ते ‘स्टुडिओ’ अशा पाटीखाली नसतं इतकंच, आणि वर्षातले दीड-दोन महिने ते चक्क रिकामं पडून असतं. ते महिने कोणते, ते पुढे येईलच.

आधी आपण काय वाजवतोय ते नीट ठरवा

पंक म्हणजे तीन कॉर्ड, वेग आणि राग. त्यातून अमेरिकेत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हार्डकोर निघालं, आणखी वेगवान, आणखी आखूड. त्याच पोरांना काही वर्षांत त्या वेगाचा कंटाळा आला. मग ताल मध्येच तोडणं, एकदम शांत होऊन पुन्हा उसळणं, दोन गिटारींनी एकमेकींशी भांडणं, गाणारा कधी बोलतोय तर कधी किंचाळतोय, असा प्रकार सुरू झाला. त्याला पोस्ट-हार्डकोर म्हणतात. वॉशिंग्टन डीसी हे त्याचं एक मोठं गाव.

तिथल्या फुगाझी या बँडचा हिशोब नवख्यांनी समजून घेण्यासारखा आहे. १९८७ साली त्यांनी वाजवायला सुरुवात केली, मध्ये दोन ईपी (चार-सहा गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड) काढल्या, आणि पहिला पूर्ण अल्बम आला १९९० मध्ये. तोवर ती मंडळी सतत लोकांसमोर वाजवत होती. तिकीट शक्यतो ५ डॉलरच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि कोणत्याही वयाच्या पोरापोरींना आत घ्यायचं, हा त्यांचा दंडक. लेबल म्हणजे रेकॉर्ड कंपनीही घरचीच: बँडमधल्या इयन मॅकाय आणि मित्रांनी १९८० मध्ये काढलेलं डिस्कॉर्ड. त्या शहरातल्या पंक बँडांची कित्येक रेकॉर्डिंगं आर्लिंग्टनमध्ये डॉन झिएन्तारा यांच्या घराच्या तळघरात झाली. होय, तळघरात. आणखी जवळचं उदाहरण हवं तर ॲट द ड्राइव्ह-इन घ्या. मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासो या वाळवंटी गावातली पोरं, आणि पहिला अल्बम अवघ्या ६०० डॉलरमध्ये उरकलेला. ऊन आणि अंतर या दोन्ही बाबतींत एल पासोवाल्यांना भुसावळ परकं वाटलं नसतं.

गाणी निवडा, म्हणजे गाणी काढून टाका

तुमच्याकडे चौदा गाणी असतील. त्यातली आठ ठेवा. रामोन्स या पंक बँडनं १९७६ च्या पहिल्या अल्बमात १४ गाणी बसवली खरी, पण सगळी मिळून २९ मिनिटांत, आणि ती सगळी त्यांना झोपेतून उठवलं तरी वाजवता येत होती. खर्च साधारण ६,४०० डॉलर, रेकॉर्डिंग एका आठवड्यात. नवख्या पोस्ट-हार्डकोर बँडला पंचवीस ते तीस मिनिटं पुष्कळ झाली. त्यापुढे ऐकणाऱ्याचाही घसा दुखतो.

कोणतं गाणं ठेवायचं? माझी कसोटी अशी: गाणारा आला नाही त्या दिवशी बाकीच्यांनी ते वाजवलं तरी मजा येते का? येत असेल तर ठेवा. नुसत्या ओरडण्यावर उभं असलेलं गाणं रेकॉर्डिंगमध्ये उघडं पडतं.

यानंतरचा सगळा सराव फोनवर रेकॉर्ड करा. फोन खोलीच्या मध्ये जमिनीवर नको, दाराजवळ कमरेच्या उंचीवर ठेवा. दुसऱ्या दिवशी पाचही जणांनी मिळून ऐकायचं आणि वहीत प्रत्येक गाण्यासाठी चार ओळी लिहायच्या: वेग किती बीपीएम (मिनिटाला किती ठोके), कुठे बदलतो, कोणता भाग किती वेळा, शेवट कसा. शेवट कसा हे बहुतेक बँडांनी ठरवलेलंच नसतं. स्टेजवर ड्रमरकडे बघून चालून जातं, रेकॉर्डिंगला त्यावरच तासभर वाद होतो. क्लिकवर, म्हणजे हेडफोनमध्ये वाजणाऱ्या ठरावीक टिकटिकीवर, वाजवायचं की नाही हेही सरावातच ठरवा. ज्या गाण्यात वेग मुद्दाम मोडलाय तिथं क्लिक बंद ठेवलेली बरी. सरळ पळणाऱ्या गाण्यात ती असू द्या, म्हणजे नंतर चुकलेली ओळ बदलता येते. या पानांवर जितके निर्णय होतील तितके पैसे पुढे वाचतील. अल्बम मुळात या वहीत तयार होतो. माइक लावल्यावर जो होतो तो त्याचा पुरावा.

शब्दांबद्दल एकच सांगतो. इंग्रजीत लिहायचं तर लिहा, पण अहिराणीत, लेवा किंवा तावडी बोलीत एक तरी गाणं करून बघा. ओरडताना शेवटचा स्वर उघडा असला की आवाज फाटत नाही आणि शब्दही कळतो. ‘कसाले’, ‘माले’, ‘तुले’ असल्या शब्दांवर घसा आपोआप मोकळा होतो. अहिराणीची गाणी यूट्यूबवर आणि डीजेवर धुमाकूळ घालतात. गिटारच्या आवाजात ती ऐकायला लोक तयार नाहीत, असं परस्पर ठरवू नका.

जागा आणि महिना

देवशयनी एकादशीनंतर लग्नं थांबतात. लग्नं थांबली की साउंडवाले, ऑर्केस्ट्रावाले आणि मंगल कार्यालयवाले मोकळे होतात. पुढे गणपती आले की त्यांची पुन्हा धावपळ. म्हणजे त्या एकादशीपासून गणेशोत्सवाच्या आधीपर्यंतचा काळ तुमचा. जो माणूस एप्रिलमध्ये फोन उचलत नाही तो जुलैमध्ये स्वतः चहा पाजतो आणि भाड्यातही ऐकतो.

त्याच्याकडून काय घ्यायचं? त्याचा डिजिटल मिक्सर. बेहरिंगर एक्स ३२ किंवा एक्सआर १८ या जातीचे मिक्सर ऑर्केस्ट्रावाल्यांकडे असतात आणि त्यांना ‘हे लॅपटॉपला लावून प्रत्येक माइक वेगळा रेकॉर्ड होतो’ हे बऱ्याचदा माहीतच नसतं. एक्स ३२ मधून यूएसबीवर ३२ चॅनल वेगवेगळे निघतात, एक्सआर १८ मधून १८. तुम्हाला १२ पुरतात. सॉफ्टवेअरसाठी रीपर बघा: ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, नंतर साधा परवाना ६० डॉलरचा. शुअरचे एसएम ५७ आणि एसएम ५८ हेही त्याच्याकडून मागा. मात्र खोके बघून खूश होऊ नका, ५८ च्या नकला बाजारात भरपूर. दोन माइक शेजारी लावून एकाच माणसाला बोलायला लावा, जो पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटेल तो बाजूला ठेवा.

आता जागा. कापसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत आटोपतो. पावसाळ्यात जिनिंगची गोडाऊनं रिकामी असतात, आणि पाच जणांपैकी एकाच्या तरी मामाची किंवा मामाच्या व्याह्याची जिनिंग ओळखीत निघतेच. उंच छत, भरपूर जागा, वस्तीपासून लांब. ड्रमसाठी यापेक्षा चांगलं काय असणार?

थांबा, आधी टाळी वाजवा. मधोमध उभे राहून एकच जोरदार टाळी, आणि आवाज विरेपर्यंत मनात मोजा. तुमचं गाणं १८० बीपीएमचं असेल तर एक ठोका सेकंदाच्या तिसऱ्या भागात संपतो. टाळी दोन सेकंद घुमत राहिली तर स्नेअरचा, म्हणजे कडक वाजणाऱ्या मधल्या ड्रमचा, एक ठोका पुढच्या सहा ठोक्यांवर सांडणार आणि सगळ्याचा चिखल होणार. अशा वेळी गोडाऊनचा मधला भाग सोडा आणि एका कोपऱ्यापासून थोडं पुढे या. तीन बाजूंनी गाद्या उभ्या करा. पिंजाऱ्याकडच्या जाड कापसाच्या गाद्या उत्तम, मंडपवाल्याच्याही चालतात, फक्त पातळ सतरंज्या नकोत. रुईच्या गाठी शिल्लक असतील तर त्यांची भिंत करा, मालक हलवू देत असेल तर. ड्रमखाली जुना गालिचा. मागची बाजू उघडीच ठेवा, म्हणजे घुमणं थोडं राहील आणि तेच नंतर कामाला येईल. त्यासाठी वीसेक फुटांवर एक जादा माइक लावून ठेवा.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. ही समजूत कुठून आली देव जाणे, त्यानं काही होत नाही. पैसे असतील तर रॉकवुल आणा, चार इंच जाडीचं, कापडात शिवून. ते शीतगृहांना आणि बॉयलरला वापरतात, त्यामुळे एमआयडीसीत चौकशी केली की मिळतं. हाताळताना हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच.

गोडाऊनचे दोन त्रास आहेत. पहिला, पत्रा. पावसाची सर आली की पत्र्यावर असा कडकडाट होतो की ओव्हरहेड, म्हणजे ड्रमच्या वर लावलेल्या, माइकमध्ये ड्रम शोधावे लागतात. पण आपल्याकडचा पाऊस ओढ देतोच. हवामान बघून कोरडा दिवस धरा, आणि सर आलीच तर तेवढ्या वेळात बेसवाल्याच्या चुका काढा. दुसरा त्रास म्हणजे उरलासुरला कापूस. तो हवेत उडतो, माइकच्या जाळीत बसतो आणि पेट घ्यायला टपलेला असतो. बिडी-सिगारेट फाटकाबाहेर. इथं गंमत नाही.

तारखा ठरवताना कानबाईचा सण विसरू नका. नागपंचमीनंतरच्या रविवारी पुण्या-सुरतेला नोकरीला असलेला तुमचा बेसवाला रोटांसाठी घरी येणारच आहे, त्याची सुट्टी आधीच धरा. नेमक्या त्या दोन दिवसांत मात्र रेकॉर्डिंग ठेवू नका. गावात वाजंत्री असते आणि तुमचाच ड्रमर तिथं नाचत असतो.

वीज

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त रेकॉर्डिंगं इथंच बिघडतात. गिटार लावली की ‘हूंऽऽ’ असा जाड आवाज येतो, तो आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा. बहुतेक वेळा कारण अर्थिंग. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, आणि मिक्सर, लॅपटॉप, अँप सगळं एकाच बोर्डावरून घ्या. आवाज घालवायला प्लगची अर्थची पिन काढणारे हुशार भेटतील. त्यांना हात लावू देऊ नका, गिटारच्या तारांतून शॉक बसतो. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा नसेल तर त्यावर गिटार वाजवू नका, मधमाशांचं पोळं ऐकू येईल. स्वस्त एलईडी दिवे आणि पंख्याचे रेग्युलेटरही तसेच. टेक (गाण्याचं एक सलग रेकॉर्डिंग) चालू असताना बंद. लॅपटॉप बॅटरीवर पूर्ण चार्ज, आणि वीज जाण्याचं वेळापत्रक लाइनमनकडून आदल्या दिवशी विचारून घ्या.

ड्रम: इथं वेळ घालवा

एका दिवसात एकच काम चांगलं करायचं असेल तर ते ड्रमचं करा. गिटार नंतर पुन्हा वाजवता येते, आवाज पुन्हा देता येतो. ड्रम एकदा टिपले की सगळा अल्बम त्यांच्यावर उभा. भाड्याच्या ड्रमसेटचं कातडं म्हणजे प्लास्टिकचा पडदा वर्षानुवर्षं बदललेला नसतो. किमान स्नेअर आणि टॉमचे वरचे पडदे नवे घ्या; अल्बमवरचा सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च हाच. पावसाळी हवेत लाकूड बदलतं, म्हणून दर गाण्याआधी स्नेअर पुन्हा तपासा. किकमध्ये, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रममध्ये, एक लहान उशी, ती पुढच्या-मागच्या पडद्यांना जेमतेम टेकलेली. पूर्ण भरलेली रजई घातली तर किकच्या जागी कुणी पोत्यावर लाथ मारल्यासारखं ऐकू येतं.

माइक चारच आहेत असं धरून चालू. एक किकजवळ, एक स्नेअरवर, दोन ओव्हरहेड. ओव्हरहेडला कंडेन्सर लागतील आणि त्यांना मिक्सरवरून ४८ व्होल्टचा फँटम पॉवर चालू करावा लागेल. पहिला ओव्हरहेड स्नेअरच्या बरोबर वर, तीन-साडेतीन फुटांवर. आता सुतळी घ्या. एक टोक स्नेअरच्या मध्यावर बोटानं दाबून धरायला एकाला बसवा, दुसरं टोक त्या माइकपर्यंत ताणा आणि तिथं गाठ मारा. तीच गाठ मारलेली सुतळी फ्लोअर टॉमच्या बाजूला न्या आणि दुसरा माइक अगदी गाठीवर येईल असा लावा, तोंड स्नेअरकडे. दोन्ही अंतरं सारखी असली की स्नेअरचा आवाज दोन्ही माइकांत एकाच क्षणी पोचतो. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे वीतभर फरकसुद्धा ऐकू येतो. स्नेअर पोकळ, नाकातून बोलल्यासारखा होतो. सुतळी पाच रुपयांची, आणि पुढचे दोन आठवडे वाचवते. सगळं लावून झालं की किकच्या चॅनलवर पोलॅरिटीचं बटण उलटसुलट करून बघा. ज्यात आवाज जाड होतो ते ठेवा.

पातळी जास्त चढवू नका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा आणि सगळ्यात जोरदार ठोकाही उणे १० डेसिबलच्या आसपास थांबू द्या. लाल दिवा लागणं ही लग्नातल्या साउंडवाल्याची शान असेल, इथं ते नुकसान.

चौघांनी एकत्र वाजवा. या संगीताचा जीव तिथं आहे: गिटारवाला थांबतो ते ड्रमरच्या खांद्याकडे बघून. गिटारचे अँप गोडाऊनच्या ऑफिसात किंवा वजनकाट्याच्या खोलीत ठेवा, लांब केबल ओढा, दार बंद करा. गाणाऱ्यानं कोपऱ्यात उभं राहून साधा, बाकीच्यांना जागा कळण्यापुरता आवाज द्यावा, तो नंतर पुसायचाच आहे. प्रत्येक गाण्याचे तीन टेक. तिसऱ्यातही जमलं नाही तर ते गाणं सोडून पुढचं घ्या, जेवणानंतर परत या. जेवणही हलकं ठेवा, भो. शेवभाजीवर ताव मारून आलेला ड्रमर दुपारी तीन वाजता १८० चा वेग धरत नाही.

गिटार आणि बेस

स्टेजवर ठेवता त्यापेक्षा डिस्टॉर्शन कमी. बरंच कमी. दोन गिटारींचा आवाज एकमेकांवर चढला की तो आपोआप जाड होतो, प्रत्येकानं गेन पूर्ण ठेवला तर नुसता खरखराट उरतो. एसएम ५७ अँपच्या जाळीला जवळजवळ टेकवून, स्पीकरच्या मध्यबिंदूपासून काठाकडे निम्म्या वाटेवर लावा. एकानं वाजवत राहायचं, दुसऱ्यानं कानाला हेडफोन लावून माइक बोटभर सरकवत जायचं. एक गिटार डावीकडे, एक उजवीकडे, आणि ती तशीच शेवटपर्यंत. तारा आदल्या दिवशी बदला, टेकच्या आधी तासभर नको. बेस मात्र डीआय बॉक्समधून (गिटार-बेस थेट मिक्सरला जोडायची डबी) सरळ मिक्सरला घ्या, शक्य असेल तर सोबत अँपलाही माइक लावा.

घसा

आवाज वेगळ्या दिवशी, सगळ्यात शेवटी. दिवसाला दोन तासांवर नको. किंचाळण्याचं तंत्र असतं. पोटातून हवा आणि घशावर कमी दाब, हे सरावातच बसवायला हवं. घसा खवखवायला लागला की थांबा, ‘एकच टेक’ म्हणू नका. आवाज बसला आणि दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. माइक महागडा नसला तरी चालतो, हातात धरलेला ५८ उलट जास्त साजतो, कारण गाणारा हालचाल करू शकतो. त्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना गाद्या. घरच्या कपाटासमोर, दारं उघडी टाकून, साड्यांच्या चळतीकडे पाठ करून उभा राहिला तरी काम भागतं.

रात्री घरी परतल्यावर सगळ्या फाइली तीन ठिकाणी: लॅपटॉप, वेगळी हार्ड डिस्क, आणि दुसऱ्याच्या घरी असलेली आणखी एक. झोपायच्या आधी.

मिक्सिंग स्वतः करू नका

शिकायला हरकत नाही, पण पहिला अल्बम बाहेरच्या कानाला द्या. फाइली इंटरनेटवरून जातात, माणूस कुठल्याही गावचा चालेल. एकदाच ठरलेली रक्कम द्यायची, अल्बमच्या कमाईत टक्का द्यायचा नाही. शिकागोचे रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनी, २०२४ मध्ये गेले, आयुष्यभर हेच सांगत आले की रेकॉर्डिंग करणाऱ्यानं प्लंबरसारखी मजुरी घ्यावी, रॉयल्टी घेऊ नये. मोठमोठ्या बँडांबरोबरही ते तसेच वागले.

मिक्सवाल्याला ‘आवाज मोठा पाहिजे’ एवढंच सांगून मोकळे होऊ नका. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) पातळीवर आणून वाजवतं. जास्त दाबून मोठं केलेलं गाणं तिथं खाली ओढलं जातं आणि दाबल्याची खूण तेवढी उरते. मास्टरचं, म्हणजे शेवटच्या तयार फाइलचं, शिखर उणे १ डेसिबलपर्यंत. मग ऐका: फोनवर, मित्राच्या गाडीत, रिक्षाच्या स्पीकरवर. रिक्षात स्नेअर ऐकू आला तर मिक्स बरा आहे.

कागद

पाचही जण जिवलग आहात, म्हणूनच आत्ता लिहून घ्या. कोणत्या गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा कसा, खर्च कुणी किती केला, एक जण सोडून गेला तर बँडचं नाव कुणाकडे. एक पान पुरतं, खाली पाचही जणांच्या सह्या.

गाणं रचलं आणि टिपलं की कॉपीराइट तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. करायची असल्यास शब्द किंवा चालीच्या नोंदणीला प्रत्येकी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये शुल्क आहे. गीतकार-संगीतकारांनी त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व बघावं, गाणी इतरत्र वाजली की त्यांचा हिस्सा तिथून येतो.

दुसऱ्याचं गाणं पंक करून घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. इथं सावध. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ सी मध्ये कव्हरसाठी वैधानिक परवान्याची सोय आहे, पण मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं थांबावं लागतं, वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते आणि मूळ गाण्यात मनमानी फेरबदल चालत नाहीत. म्हणजे आपल्यासाठी ती सोय नाहीच. गाजलेलं अहिराणी गाणं घ्यायचं तर त्या चॅनलची किंवा कंपनीची लेखी परवानगी घ्या. बहिणाबाईंच्या ओव्यांचं तसं नाही. त्या १९५१ मध्ये गेल्या, कविता पुढच्या वर्षी छापून आल्या, आणि ६० वर्षांची मुदत सरल्यामुळे ते शब्द आता सगळ्यांचे आहेत. त्यांना लागलेल्या प्रसिद्ध चाली मात्र ज्यांच्या त्यांच्या. तुमची चाल तुम्ही बांधा. असोद्याच्या त्या बाईंचे शब्द तुटक गिटारवर कसे बसतात हे मला केव्हाचं ऐकायचंय.

बाहेर काढणं

स्ट्रीमिंगसाठी डिस्ट्रोकिड, ट्यूनकोरसारखा वितरक लागतो. प्रत्येक गाण्याचा १२ अक्षरी आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा) बहुधा तोच देतो. मुखपृष्ठ चौकोनी, ३,००० बाय ३,००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर किंवा वेबपत्ता नको. भाषेच्या यादीत अहिराणी दिसली नाही तर मराठी निवडा. गाणी प्रकाशनाच्या चार आठवडे आधी चढवा, कारण स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर ते किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं.

कमाईच्या भ्रमात राहू नका. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही, आणि ३० सेकंद ऐकलं तरच ते मोजलं जातं. त्यामुळे जिनिंगच्या यंत्रांच्या आवाजाची वीस सेकंदांची सुरुवात वेगळं गाणं म्हणून टाकू नका, पहिल्या गाण्यालाच जोडा.

बँडकॅम्प या गाणी विकायच्या साइटवर डिजिटल विक्रीतून १५ टक्के आणि पैसे पाठवण्याचं शुल्क कापून बाकी तुम्हाला मिळतात. अडचण अशी की पैसे पेपॅलमधून येतात आणि पेपॅलनं एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केलेत. परदेशी श्रोता विकत घेऊ शकतो, पाचोऱ्याचा मित्र नाही. त्याच्याकडून यूपीआयनं पैसे घ्या आणि त्याला डाउनलोड कोड द्या. टी-शर्ट मात्र हातोहात विकले जातात. सुरत जवळ आहे, कापडाचं काम तिथं करून घ्या. आणि सगळं यूट्यूबवरही टाका. आपल्याकडे लोक गाणी तिथंच ऐकतात.

प्रकाशनाचा कार्यक्रम

क्लब शोधत बसू नका. छोटं मंगल कार्यालय दुपारी भाड्यानं घ्या, लग्नाची तिथी नसलेल्या दिवशी. जागेचा मालक ‘कोणत्या प्रकारचा बँड’ असं विचारेल तेव्हा फोनवर एक गाणं ऐकवा, म्हणजे ऐन वेळी वाद नको. पोलिस ठाण्यात लाउडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज आठवडाभर आधी द्या. रात्री १० ते सकाळी ६ खुल्या जागेत लाउडस्पीकर बंद, आणि रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. ड्रमसेट एकटाच ती ओलांडतो, म्हणून दारं-खिडक्या बंद आणि वेळ दुपारी चार ते सात. शेजारच्या चार घरी आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगून या. साउंडसाठी त्याच माणसाला बोलवा, ज्याचा मिक्सर जुलैमध्ये नेला होता. त्याला गाणी पाठ झालेली असतात.